जुन्या गाडीचं ऑइल नेमकं कुठून गळतंय ते कसं शोधायचं

गाडी दीड-दोन लाख किलोमीटर पळाली की इंजिनवर थोडाफार तेलकटपणा येतोच, त्याचं एवढं काही नाही. पण पार्किंगच्या फरशीवर रोज सकाळी काळा ठिपका दिसायला लागला तर बघायला हवं, आणि गॅरेजला जायच्या आधी स्वतः बघायला हवं, कारण गाडीखाली एकदा डोकावून "क्रँकचं मागचं सील गेलंय, गिअरबॉक्स उतरवावा लागेल" असं सांगून मोकळे होणारे मेकॅनिक कमी नाहीत. हे सील म्हणजे इंजिनच्या मागच्या टोकाला, गिअरबॉक्सच्या जोडापाशी तेल अडवणारी रबरी रिंग. ती स्वस्तच असते, खरा खर्च गिअरबॉक्स उतरवून परत चढवायच्या मजुरीचा. आणि बऱ्याचदा तेल येत असतं वरून, टॅपेट कव्हरच्या (इंजिनच्या डोक्यावरच्या झाकणाच्या) पॅकिंगमधून, ते इंजिनच्या पाठीवरून ओघळत खाली येतं आणि गिअरबॉक्सच्या जोडापाशी टपकतं. स्लॅब गळतो एकीकडे आणि ओल दिसते भलतीकडेच, तसलाच प्रकार.

आधी ते इंजिन ऑइलच आहे का बघा. रात्री गाडीखाली मोठा पुठ्ठा टाका आणि त्यावर पुढचं चाक कुठे येतं त्याची पेनाने खूण करा, म्हणजे थेंब इंजिनच्या कुठल्या बाजूला पडला ते सकाळी कळेल. तपकिरी किंवा काळं, बोटाला चिकट लागणारं म्हणजे इंजिन ऑइल. लालसर असेल तर पॉवर स्टिअरिंगचं किंवा ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं, हिरवं-गुलाबी आणि पाण्यासारखं पातळ असेल तर कूलंट, आणि उग्र गंधकासारखा वास मारत असेल तर गिअर ऑइल. नुसतं स्वच्छ पाणी असेल तर ते एसीचं, निवांत झोपा.

मग डिपस्टिक, म्हणजे ऑइलची लेव्हल दाखवणारी पट्टी. गाडी सपाट जागेवर, इंजिन बंद करून दहा मिनिटं झाल्यावर, पुसून परत घालून बघायची. छोट्या गाड्यांत वरच्या आणि खालच्या खुणेत साधारण लिटरभराचा फरक असतो. इथे एक गोची असते, लेव्हल भराभर उतरतेय आणि पुठ्ठा मात्र जवळजवळ कोरडाच, तर तेल बहुतेक जळतंय. रात्रभर उभी गाडी सकाळी चालू करताना निळा धूर आला तर व्हॉल्व्हच्या सीलवर संशय, घाटात रेस दिल्यावर आला तर पिस्टनच्या रिंगांवर. तो वेगळा खर्च आहे, त्यासाठी पॅकिंगं बदलत बसू नका. उलटं पण होतं, सर्व्हिसिंगला कुणीतरी ऑइल वरच्या खुणेच्याही वर भरून ठेवलेलं असतं आणि सीलमधून बाहेर येत असतं, तेव्हा जास्तीचं काढून टाका आणि आठवडाभर बघा.

आता मुख्य काम, धुणं. हे टाळलंत तर पुढचं सगळं फुकट, कारण वर्षानुवर्षांच्या तेल-धुळीच्या थरात नवा ओघळ दिसतच नाही. इंजिन पूर्ण थंड पाहिजे. अल्टरनेटर, एअर फिल्टरचं तोंड, वायरिंगचे कनेक्टर यांना प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधा, डीग्रीझर (तेलकटपणा काढायचं द्रावण) मारा, जुन्या ब्रशने घासा आणि साध्या पाण्याने हलक्या हाताने धुवा, प्रेशरचा पाइप थेट इंजिनवर मारू नका आणि साफ करायला पेट्रोल तर अजिबात वापरू नका. पिशव्या काढून इंजिन नीट वाळू द्या. खालचं प्लॅस्टिकचं कव्हर असेल तर तेही काढा, त्यात तेल साठून कुठूनही टपकतं. गाडीखाली जायचं तर नुसत्या जॅकच्या भरवशावर कधीच नाही, स्टँड लावून, मागच्या चाकांना विटा-ओंडके लावून, हँडब्रेक ओढूनच जायचं.

गाडी १५-२० मिनिटं चालू ठेवा आणि टॉर्च घेऊन बघा, काही दिसलं नाही तर ४०-५० किलोमीटर फिरवून आणा आणि परत बघा. नियम एकच, सगळ्यात वरचा आणि सगळ्यात पुढचा ओला डाग शोधायचा, कारण तेल खाली उतरतं आणि चालत्या गाडीत वाऱ्याने मागे जातं. तरी कळत नसेल तर संशयाच्या कोरड्या जागेवर टाल्कम पावडर भुरभुरवा, इंजिन बंद असतानाच, मग थोडं चालवा, तेल निघालं की पांढऱ्यावर काळपट रेघ उमटते आणि तिचं वरचं टोक तुम्हाला जागा दाखवतं. ऑइलमध्ये टाकायचा यूव्ही डाय पण मिळतो, निळ्या टॉर्चखाली तो पिवळा-हिरवा चमकतो.

बघायचा क्रम वरून खाली ठेवा. पहिलं टॅपेट कव्हर, मागच्या कडेला आरसा धरून, तिथेच जास्त गळतं आणि तिथेच डोळा पोचत नाही. कॉइल काढून प्लगच्या खड्ड्यात तेल आहे का तेही बघा, गाडी मिसिंग करत (चालताना झटके खात) असेल तर नक्की बघा. झेन, एस्टीमसारख्या डिस्ट्रिब्युटरवाल्या (प्लगना करंट वाटून देणारा भाग) गाड्यांत त्याची रबरी ओ-रिंग कडक होते आणि गिअरबॉक्सच्या बाजूला तेल सोडते, की आला मागच्या सीलवर आळ! मग ऑइल प्रेशरचा स्विच, त्याचा कनेक्टर काढलात आणि आत तेल दिसलं तर स्विचच गेलाय, दोन मिनिटांचं काम. ऑइल फिल्टर नुकताच बदलला असेल तर जुनं रबर इंजिनला चिकटून राहिलं नाही ना बघा, दोन रबरं एकावर एक आली तर सगळं ऑइल रस्त्यावर. खाली ड्रेन बोल्टचा वायसर आणि चेंबरचं (इंजिनच्या तळाच्या ऑइलच्या टाकीचं) पॅकिंग, स्पीडब्रेकरला चेंबर घासला असेल तर वाकलाय का तेही बघा. पुलीच्या आसपास गोल शिंतोडे उडाले असतील तर पुढचं क्रँक सील, आणि तुमचं इंजिन टायमिंग बेल्टचं असेल तर हे लांबवू नका, तेल लागलेला बेल्ट लवकर सडतो.

हे सगळं कोरडं निघालं आणि तरी गिअरबॉक्सच्या जोडातून थेंब येतोय, क्लच पण घसरतोय, तरच मागच्या सीलचं बोला. तेव्हाही वास घ्या, गिअर ऑइलचा असेल तर गिअरबॉक्सचं सील गेलंय, क्रँकचं नाही.

सील बदलायच्या आधी पीसीव्ही व्हॉल्व्ह, म्हणजे इंजिनच्या आतला वायू बाहेर सोडणारी झडप, तपासा, ही गोष्ट गॅरेजमध्ये फार कमी जण करतात. तो चोंदला की इंजिनच्या आतला दाब बाहेर पडायला वाट शोधतो आणि नवं सील पण काही महिन्यांत गळायला लागतं. व्हॉल्व्ह काढून कानाशी हलवा, आतून खुळखुळ आवाज आला पाहिजे. चालू इंजिनवर त्याच्या तोंडाला बोट लावलं तर ओढ जाणवली पाहिजे. ऑइलचं झाकण उघडल्यावर थोडी धुगधुग सगळीकडे असते, पण व्हॉल्व्ह ठीक असून जोरात वाफारा येत असेल तर रिंगा झिजल्यात, मग सील बदलून फार दिवस निभणार नाही.

टॅपेट कव्हरचं पॅकिंग घरी बदलता येतं, फक्त बोल्ट आवळताना जोर काढू नका, ॲल्युमिनियमचे आटे लगेच जातात. सिलिकॉन पण ढीगभर थापू नका, आतल्या बाजूला आलेले तुकडे सुटून ऑइलच्या जाळीत अडकतात. बाटलीतलं लीक-स्टॉप रबर फुगवून थोडे दिवस ढकलतं, गाडी विकायला काढलेल्यांना ते फार आवडतं.

नुसता ओलसरपणा असेल तर दर आठवड्याला डिपस्टिक बघत गाडी चालवली तरी चालते. पण तेल एक्झॉस्टवर पडून जळका वास किंवा धूर येत असेल तर थांबा, आग लागू शकते. आणि चालत्या गाडीत ऑइलचा लाल दिवा लागला तर पुढच्या पंपापर्यंत जाऊ म्हणू नका, बाजूला घ्या, इंजिन बंद करा, टो करूनच न्या.