मुलांची चित्रं घरात कशी लावावीत आणि कशी जपावीत

एप्रिलमध्ये बालवाडीचं वर्ष संपतं आणि निकालासोबत चित्रांचा जाडजूड गठ्ठा घरी येतो. घरात आधीच फ्रिजवर, रद्दीच्या चळतीत, दप्तराच्या तळाशी चित्रं साठलेली असतात. चार-पाच वर्षांचं मूल रंगात आलं की एका दुपारी आठ-दहा कागद सहज संपवतं. टाकवत नाहीत म्हणून ती सगळी एका पिशवीत भरून माळ्यावर जातात. दोन पावसाळे गेल्यावर पिशवी उघडली तर कागदांना कसर लागलेली असते आणि कुठलं चित्र कधीचं, कुणाचं, हेही आठवत नाही.

हे टाळायला मोठी जागा लागत नाही, महागड्या फ्रेमाही लागत नाहीत. क्रम मात्र ठरवून घ्यावा लागतो.

१. चित्राच्या मागे लिहा, शक्यतो त्याच दिवशी

बाकी सगळं मागेपुढे झालं तरी चालेल, हे चुकवू नका. कागद पालथा करून कोपऱ्यात मुलाचं नाव, तारीख आणि वय लिहा. वय महिन्यांसकट लिहावं, कारण तीन वर्षं दोन महिने आणि तीन वर्षं दहा महिने यांतल्या चित्रांत जमीन-अस्मानाचं अंतर असतं. त्याखाली मूल चित्राबद्दल जे बोललं ते त्याच्याच शब्दांत. ‘हा आजोबांचा कुत्रा आहे, तो रुसलाय म्हणून त्याने शेपटी आत घेतलीय.’ हे वाक्य नसेल तर पाच वर्षांनी समोर उरतो एक तपकिरी गोळा. वाक्य असेल तर तो कुत्राही दिसतो आणि त्या वयातलं मूलही. वाक्य सुधारू नका, बोबडं असेल तर बोबडंच लिहा.

लिहायला २बी पेन्सिल घ्या. बॉलपेनाचा वळ पुढच्या बाजूला उमटतो, स्केचपेनची शाई आरपार जाते. खडूचं चित्र पालथं घालताना खाली कोरा कागद ठेवा.

मुलाला बोलतं करायचं तर ‘हे काय काढलंयस?’ असं विचारू नये. आपण काढलेलं कुणाला ओळखू आलं नाही, एवढंच त्यातून त्याला कळतं. ‘मला सांग ना याच्याबद्दल’ म्हणा आणि गप्प राहा. बरीच मुलं मग थांबतच नाहीत.

२. सगळ्या चित्रांसाठी एकच खोका ठेवा

साडीचा सपाट खोका यासाठी उत्तम. ए४ कागद, म्हणजे २१ बाय २९.७ सेंटिमीटर, बहुतेक खोक्यांत न दुमडता मावतो. शाळेतून आलेलं, घरी काढलेलं, मामाच्या घरून आणलेलं, सगळं आधी इथेच पडू द्या. निवड लगेच करायची नाही. ज्या दिवशी चित्र घरी येतं त्या दिवशी ते मुलाला जीव की प्राण असतं आणि आपल्यालाही त्याच्याकडे शांतपणे पाहता येत नाही.

ओलं चित्र मात्र खोक्यात टाकू नका. पोस्टर कलरचा थर जाड असेल तर तो वरून कोरडा वाटतो पण आत ओला असतो आणि वरच्या कागदाला चिकटतो. सावलीत, पंख्याखाली दिवसभर वाळू द्या.

३. निवड वर्षातून दोनदा, मुलाला घेऊनच

दिवाळीची सुट्टी आणि मे महिना. खोका जमिनीवर रिकामा करा आणि चित्रं तारखेप्रमाणे ओळीत मांडा. ओळ लागली की निवड अर्धी झालीच, कारण नवं काय सुरू झालं ते आपोआप दिसतं.

‘सुंदर’ हा निकष इथे कामाचा नाही. पहिल्यांदा घडलेल्या गोष्टी शोधा. पहिला बंद गोल. पहिला माणूस, ज्याला बहुधा धड नसतं आणि डोक्यातूनच थेट पाय फुटलेले असतात; तीन-चार वर्षांची मुलं जगभर माणूस असाच काढतात. मग कधीतरी कागदाच्या तळाशी जमिनीची रेघ येते आणि घर, झाड, आई सगळे त्या रेघेवर उभे राहतात. त्याआधी ते कागदभर तरंगत असतात. घराच्या भिंती पारदर्शक होऊन आतलं जेवणाचं ताट दिसायला लागतं तोही टप्पाच.

गिरगोट्या फेकू नका. ऱ्होडा केलॉग या अमेरिकी बालशिक्षणतज्ज्ञ बाईंनी लाखो बालचित्रं जमवून अभ्यासली आणि लहान मुलांच्या गिरगोट्यांचे २० मूलभूत प्रकार वेगळे केले. आपल्याला गुंता वाटतो तिथे ठिपका, आडवी रेघ, उभी रेघ, गुंडाळी असं एकेक पाऊल पडलेलं असतं. वर्षातल्या दोन-तीन गिरगोट्या तारखेसह ठेवल्या तरी पुरतं.

छापील बाह्यरेषेत भरलेले रंग आणि वर्गातल्या सगळ्यांनी एकसारखं बनवलेलं फुलपाखरू, हे मी निःसंकोच बाजूला काढायला सांगेन. त्यात मेहनत असते, पण ठरवलेलं सगळं मोठ्यांचं असतं. मूल म्हणालं ‘हे ठेवायचंच’, तर अर्थातच ठेवायचं. त्याच्या निवडीवर आपली मात करू नये.

वर्षाला २० चित्रं हा आकडा बहुतेक घरांना झेपतो. वयाच्या तिसऱ्या वर्षापासून दहा वर्षं धरली तर २०० कागद होतात. कपाटाच्या एका कप्प्याचा कोपरा, त्याहून जास्त नाही.

४. जे ठेवायचं नाही त्याचाही फोटो काढा

दिवसा, खिडकीजवळ, पण थेट उन्हात नाही. चित्र जमिनीवर सपाट ठेवून फोन बरोबर वरून धरा, म्हणजे कडा तिरक्या येत नाहीत. फ्लॅश बंद, नाहीतर खडूवर चकाकी येते. मागच्या मजकुराचाही फोटो घ्या. घरी स्कॅनर असेल तर ३०० डीपीआय पुरे. पुढे त्याच आकारात छापता येतं.

फाइलच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस टाका: ‘२०२५-०६-१४ हत्ती’. संगणक मग फायली आपोआप तारखेच्या क्रमाने लावतो. आजी-आजोबांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, साध्या फोटोचा दर्जा वाटेत कमी होतो. आणि हे सगळं एकट्या फोनवर ठेवू नका. दुसरी प्रत पेनड्राइव्हवर किंवा संगणकावर हवीच.

भिंतीवर काढलेल्या चित्रांचाही फोटो दिवाळीच्या रंगकामाआधी घेऊन ठेवा. शेजारी मुलाला उभं केलं तर त्या वेळची उंचीही नोंदली जाते. दारातल्या रांगोळीचा तर फोटोच उरणार असतो.

५. लावायचं कुठे, किती उंचीवर

कलादालनांत चित्राचा मध्य साधारण १४५ ते १५० सेंटिमीटरवर ठेवतात, मोठ्या माणसाच्या डोळ्यांच्या पातळीला. आपणही घरात नकळत तसंच करतो आणि ज्याचं चित्र आहे त्याला मान वर करून बघावं लागतं. चार वर्षांच्या मुलाची उंची मीटरभराच्या आसपास असते. एखादी तरी जागा अशी असू द्या जिथे चित्राचा मध्य जमिनीपासून तीन फुटांवर आहे आणि ते मूल स्वतः लावू-काढू शकतं. एवढ्या एका बदलाने मुलं आपल्या चित्रांकडे थांबून बघायला लागतात आणि पाहुण्यांना हात धरून तिथे नेतात.

सगळ्यात स्वस्त सोय म्हणजे दोन हुकांमध्ये ताणलेली सुतळी आणि लाकडी चिमटे. आठ फुटांच्या सुतळीवर आडवे ए४ कागद सात आरामात बसतात. सुतळी मधे झोळते म्हणून मध्यावर तिसरा हुक द्या. भाड्याच्या घरात खिळा ठोकायची परवानगी नसेल तर कपाटाचं दार आणि खोलीच्या दाराची आतली बाजू या दोन जागा फुकट पडलेल्या असतात. तिथे कागदी टेप चालतो. तोही चित्राला थेट लावू नका. चित्रामागे जरा मोठा जाड कागद ठेवून चारही कोपरे कागदी खाचांत अडकवा. पारदर्शक सेलोटेप चित्राला कधीच नको. काही वर्षांत तो पिवळा पडून सुटतो, पण त्याचा तपकिरी डाग कागदात कायमचा राहतो.

सॉफ्टबोर्ड असेल तर टाचण्या तीन वर्षांच्या आतल्या भावंडाच्या हाती लागणार नाहीत याची काळजी घ्या. फ्रिजवरच्या चुंबकांच्या बाबतीत मी आणखी कडक आहे. मण्यासारखी छोटी, जोरदार चुंबकं लहान मुलाच्या घरात आणूच नयेत. दोन गिळली गेली तर ती आतड्यात एकमेकांना खेचून जीवघेणी इजा करतात. चपट्या, मोठ्या पट्टीची चुंबकं वापरा.

फ्रेम करायचीच असेल तर एकच चांगली करून घ्या, ए३ म्हणजे ए४च्या दुप्पट आकाराची, आत ए४ची खिडकी कापलेला पांढरा माउंट, म्हणजे जाड कागदाची चौकट, आणि मागून सहज उघडणारी. सभोवती दोन इंचांची पांढरी मोकळी जागा मिळाली की गिरगोट्यासुद्धा ठसठशीत दिसतात. आतलं चित्र बदलत राहायचं. काचेऐवजी अ‍ॅक्रिलिक लावून मिळतं, मुलांच्या खोलीत तेच बरं.

महिन्यातला एक रविवार ठरवा आणि त्या दिवशी चित्रं बदला. न बदललेलं चित्र तीन महिन्यांत भिंतीचा भाग होतं, त्याच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. कोणतं उतरवायचं आणि कोणतं चढवायचं हे मुलाने सांगावं. दोन मुलं असतील तर दोन सुतळ्या, सारख्या लांबीच्या. धाकट्याच्या गिरगोट्या थोरल्याच्या रंगवलेल्या निसर्गचित्राशेजारी टांगल्या की तुलना सुरू होते, आपण तोंडाने काही बोललो नाही तरी.

भिंतीवर ऊन किंवा ओल येत नाही ना, हे तपासून घ्या. पश्चिमेच्या खिडकीसमोर लावलेलं स्केचपेनचं चित्र एका उन्हाळ्यात फिकं होतं, कारण त्या शाईतले रंग उन्हात टिकत नाहीत. मेणखडू त्या मानाने चिवट. फार लाडकं चित्र असेल तर रंगीत झेरॉक्स भिंतीवर लावा आणि मूळ आत ठेवा. पावसाळ्यात ज्या भिंतीला पोपडे येतात तिथे काहीच लावू नका.

६. साठवण: आपल्या हवेत कागद कसा टिकेल

मुंबई, कोकण, गोवा या पट्ट्यात जून ते सप्टेंबर हवा इतकी दमट असते की कागद हाताला नरम लागतो. म्हणून चित्रं फाइलला लावायचं काम पावसाळ्यात काढू नये. ओल शोषलेला कागद प्लास्टिकमध्ये बंद केला की आत बुरशी वाढते. थंडीतले किंवा कडक उन्हाळ्यातले कोरडे दिवस निवडा.

ए४ चित्रांसाठी पारदर्शक कप्प्यांची डिस्प्ले फाइल पुरते. कप्पे कडकडीत पॉलिप्रॉपिलीनचे हवेत. मऊ, वास मारणारे पीव्हीसीचे कप्पे रंगाला चिकटतात. प्रत्येक वर्षाची वेगळी फाइल, पाठीवर वर्ष आणि इयत्ता.

ऑइल पेस्टल खरं तर कधीच पूर्ण वाळत नाही. दोन चित्रांमध्ये बटर पेपर घाला. वर्तमानपत्र घालू नका. तो कागद आम्लयुक्त असतो, शाईही उतरते. लॅमिनेशनचा मोह आवरा. गरम लॅमिनेशनमध्ये मेणखडू वितळून पसरतो आणि एकदा केलेलं परत सोडवता येत नाही.

मोठ्या कागदांसाठी दोन पुठ्ठे घ्या, आतून पांढरा कागद लावा आणि तीन बाजूंनी नाड्यांनी बांधा. चित्रकलेच्या ग्रेड परीक्षांचा सराव करणाऱ्या मुलांचे पाव इम्पीरियल कागद, ११ बाय १५ इंचांचे, ए४ फाइलमध्ये मावत नाहीत. ते इथेच ठेवायचे. फारच लांब पट असेल तर कापडाच्या दुकानातून ठाणाची जाड पुठ्ठ्याची नळी मागून आणा आणि रंगाची बाजू बाहेर ठेवून सैल गुंडाळा. घट्ट गुंडाळलं तर पोस्टर कलरला भेगा पडतात.

फाइल लोखंडी कपाटात, मधल्या किंवा वरच्या कप्प्यात ठेवा. पलंगाखाली नको आणि बाहेरच्या भिंतीला टेकूनही नको. कसरीसाठी आपल्याकडे पोथ्या-पुस्तकांत वेखंडाचा तुकडा ठेवायची जुनी रीत आहे, ती इथेही उपयोगी पडते. सुकवलेला कडुनिंबाचा पालाही चालतो, फक्त तो सुती पुरचुंडीत बांधून ठेवावा आणि वर्षाने बदलावा. डांबरगोळ्या मुलांच्या वस्तूंत नकोत. त्या विषारी आहेत आणि लहान मुलांना खडीसाखरेसारख्या दिसतात. ऑक्टोबरमध्ये पावसाळा ओसरला की फायली एकदा सावलीत उघडून ठेवा.

७. डाळी-तांदळाचं, मातीचं, कणकेचं

तांदूळ, मूग, राजमा चिकटवून केलेलं चित्र महिनाभर लावा, फोटो काढा आणि निरोप द्या. त्यात किडे होणारच आणि ते बाकीच्या कागदांपर्यंतही पोहोचतात. कणकेच्या वस्तूंना पावसाळ्यात बुरशी येते. शाडूची न भाजलेली वस्तू कोरड्या जागी, एखाद्या झाकणाच्या डब्यात मऊ कापडावर बरीच वर्षं राहते. पाणी लागू द्यायचं नाही, एवढंच. आकाशकंदील आणि दिवाळीतला किल्ला यांचा फोटो ते बनवणाऱ्या सगळ्या पोरांसोबत काढावा.

८. उरलेल्या चित्रांचं काय

गुपचूप रद्दीत घालू नका. मूल एक दिवस कागद शोधतं, आणि तो कुठे गेला हे त्याला कधी ना कधी कळतं. त्याच्यासमोर, त्याच्या मदतीने विल्हेवाट लावा. पाठकोरे कागद नव्या चित्रांसाठी. मोठ्या रंगीत कागदांची वह्यांना कव्हरं होतात, राखीची आणि वाढदिवसाची पाकिटं होतात. गावी राहणाऱ्या आजीला दर दोन-तीन महिन्यांनी एक मूळ चित्र टपालाने पाठवावं. परदेशात राहणाऱ्या घरांनी तर हे नक्की करावं. व्हिडिओ कॉलवर दाखवलेलं चित्र आणि हातात आलेला, खडूचा वास असलेला कागद यांत फार फरक आहे.

नऊ-दहा वर्षांच्या पुढे मुलं ‘माझं चित्र लावू नकोस’ म्हणायला लागतात. तेव्हा लगेच उतरवावं, पाहुण्यांसमोर आग्रह करू नये. फायली मात्र त्यांच्या हाती द्या आणि कुठली चित्रं राहतील हे त्यांनाच ठरवू द्या. गठ्ठ्यातली काही त्यांनी फाडली तरी हरकत घेऊ नका, फोटो तुमच्याकडे आहेत.