डॉपलरवर बाळाचे ठोके कसे शोधायचे

नवीन सिस्टर पोरी उपकेंद्रात डॉपलर, म्हणजे पोटावर टेकवून बाळाचे ठोके ऐकायचं मशीन, हातात घेतला की पहिलाच बेंबीखाली मधोमध टेकवतात, काही ऐकू येत नाही, मग स्वतः घाबरतात आणि त्यांचं तोंड बघून ती गरवार बाई दुप्पट घाबरते.

अगो, आधी पोट चाचपा. बाळाची पाठ सलग कडक लागते, हातापायांच्या बाजूला गाठीगाठी लागतात. डोकं खाली असेल तर ठोके पाठीच्या बाजूला बेंबीच्या खाली, पायाळू असेल तर बेंबीच्या वर. तीन महिन्यांचं पोट असेल तर अगदी खाली, ओटीपोटाच्या हाडाच्या लगेच वर बघायचं. जेलची कंजुषी नको, मध्ये हवा राहिली तर मशीनची ध्वनिलाट आत शिरतच नाही. प्रोब, म्हणजे पोटावर टेकवायचा भाग, हळूहळू कलवत जा, उगाच पोटभर फिरवू नका.

आतमध्ये काय होतं? कोकण रेल्वेची गाडी न थांबता स्टेशनातून जाते तेव्हा भोंगा जवळ येताना बारीक आणि लांब जाताना जाड लागतो ना, तसंच, लाट हलत्या हृदयावर आपटून परत येते तेव्हा फ्रिक्वेन्सी बदललेली असते आणि मशीन त्या फरकाचा आवाज करतं.

आता मुख्य गोष्ट. दुसऱ्या हाताने आईची नाडी धरा, धराच. मी एकदा 90 आकडा बघून 108ला फोन लावायच्या बेतात होते आणि ती आईचीच नाडी निघाली. सूंऽ सूंऽ वाऱ्यासारखा आवाज नाडीबरोबर चालत असेल तर तो आईच्या रक्तवाहिन्यांचा, बाळाचा नाही. बाळाचा आवाज घोडा दौडल्यासारखा, मिनिटाला 110 ते 160, आणि स्क्रीनवर विसंबू नका, पूर्ण मिनिट मोजा.

कळा सुरू असतील तर कळ ओसरल्या ओसरल्या मोजायचं, निदान दर अर्ध्या तासाने एकदा, आणि बाई जोर करायला लागली की दर 5 मिनिटांनी. आकडा 110च्या खाली किंवा 160च्या वर गेला तर डाव्या कुशीवर वळवा, परत मोजा, तरी तसाच असेल तर लगेच डॉक्टरांना कळवा.

सासूबाई ठोक्यांवरून मुलगा की मुलगी विचारणारच, त्यावरून काही कळत नाही आणि कळलं असतं तरी सांगणं गुन्हा आहे.

आणि हल्ली काहीजणी ऑनलाइन डॉपलर मागवतात. बाळाची हालचाल कमी वाटत असेल तर घरी ठोके ऐकू आले म्हणून थांबू नका गो, खाडीपलीकडे राहत असाल तर शेवटची फेरीबोट सुटायच्या आत निघा.