लिंबाच्या पानावर डाग म्हणजे लेप्रोसिस नव्हे : या चुका टाळा

जूनचा पहिला जोरदार पाऊस झाला की माझ्या फोनवर लिंबाच्या पानांचे फोटो यायला लागतात. खाली एकच प्रश्न, ‘काका, हा लेप्रोसिसच ना?’ म्हणजे लिंबूवर्गातल्या झाडांचा विषाणूरोग. मुलुंडच्या आमच्या इमारतीच्या गच्चीवर मी चौदा वर्षं कुंड्यांत लिंबू-मोसंबी वाढवतोय, म्हणून ही पीडा माझ्याच वाट्याला येते. माझं उत्तर बहुतेक वेळा ठरलेलं असतं. नाही हो, खैऱ्या आहे, म्हणजे जिवाणूंमुळे होणारा डागांचा रोग.

फोटो बघून रोगाचं बारसं करणं, ही मला सगळ्यात जास्त डोक्यात जाणारी चूक. लेप्रोसिस हे नावच कुष्ठरोगावरून पडलेलं. अर्जेंटिनात तर त्याला ‘लेप्रा एक्सप्लोसिवा’ म्हणायचे. एवढं वाचल्यावर माणूस घाबरणारच. पण हा रोग मुख्यतः दक्षिण आणि मध्य अमेरिकेतला. ब्राझीलचे संत्रा बागायतदार त्याच्यापायी दरवर्षी कोळीनाशकांवर पाण्यासारखा पैसा ओततात. विषाणू पसरवतो तो ब्रेव्हिपाल्पस नावाचा चपटा कोळी (घरात जाळं विणणारा नव्हे, पानाचा रस शोषणारा बारीकसा जीव). मोसंबीच्या जातकुळीतली गोड संत्री त्याला चटकन बळी पडतात, लिंबू त्यामानाने बराच तग धरतं. आणि आपल्या कुंडीत काय असतं? कागदी लिंबू, म्हणजे खैऱ्याचं माहेर.

मी आधी डागावरून बोट फिरवतो. खैऱ्याचा डाग खरखरीत लागतो, पानाच्या दोन्ही बाजूंना उचललेला असतो आणि भोवती पिवळं कडं असतं. लेप्रोसिसचा डाग पानावर बराचसा सपाट, गोल, कधी वलयं असलेला. फळावर तपकिरी, खोलगट. फांदीवर मात्र सालीचे पापुद्रे सुटतात. मग कॅलेंडर बघतो. खैऱ्याचे जिवाणू पावसाच्या शिंतोड्यांनी उडतात आणि नागअळीने पोखरलेल्या पानात सहज शिरतात, म्हणून जुलैत पान डागाळलं की संशय आधी त्याच्यावर. कोळ्यांचं उलट आहे. त्यांना कोरडी हवा मानवते, मुंबईचा धो धो पाऊस त्यांना धुऊन काढतो.

दुसरी चूक म्हणजे कोळ्याला किडा समजणं. आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांची मोसंबी चार वर्षांची होती, फळं धरलेली. फेब्रुवारीत दोन-चार पानांवर डाग दिसले. काका थेट औषधाच्या दुकानात. दुकानदाराने इमिडाक्लोप्रिड या कीटकनाशकाची बाटली हातात ठेवली आणि काकांनी दर रविवारी, असे सलग चार रविवार, झाड आंघोळ घातल्यासारखं भिजवलं. मला सांगितलं पाचव्या रविवारी. तोवर पानांवर राखाडी-तांबूस कळा आली होती. मी फांदीखाली पांढरा कागद धरून टिचकी मारली. कागदावर तांबडे ठिपके पडले आणि ठिपके चालायला लागले. लाल कोळी! लेप्रोसिस कुठेच नव्हता; पहिले डागसुद्धा जुन्या खैऱ्याचेच होते.

कोळ्याला आठ पाय, तो कीटक नाहीच. इमिडाक्लोप्रिड त्याला मारत नाही, पण त्याला खाणारे मित्रकीटक मारतं. काकांनी राखणदार घालवले आणि चोरांना मोकळं रान दिलं. मग आम्ही आठवडाभर रोज सकाळी पाइपाने पानांच्या खालच्या बाजूवर जोरात पाणी मारलं, आणि नंतर पाण्यात मिसळणारं गंधक, लिटरला दोन ग्रॅम. झाड वाचलं, फळं गळली. काका अजून म्हणतात की दुकानदाराने औषध डुप्लिकेट दिलं!

हा कागदाचा उपाय लाल कोळ्यापुरताच बरं का. ब्रेव्हिपाल्पस जेमतेम पाव-एक मिलिमीटरचा, जाळं विणत नाही, हळू चालतो आणि मधल्या शिरेजवळ किंवा फळावरच्या खडबडीत भागात चिकटून बसतो. टिचकीने तो सहजी पडत नाही. दहापट दाखवणारं भिंग घ्या. ज्याला भिंगातून बघायला दोन मिनिटं नाहीत, त्याने पंप हातात घेऊ नये.

घाबरून अख्खं झाड उपटणारेही भेटतात. लेप्रोसिस असला तरी त्याची गरज नसते. हा विषाणू झाडभर फिरत नाही, कोळ्याने जिथे रस शोषला तिथल्या आसपासच राहतो. अंड्यातून निघालेला कोळीही निर्धोक असतो. डागावर बसून रस प्यायला की मगच तो विषाणू घेतो. म्हणून डागी फांदी छाटली की त्याचा पुरवठाच तुटतो. सायला नावाचा रस शोषणारा छोटा किडा पसरवतो तो ग्रीनिंग रोग वेगळा, तो सगळ्या झाडात भिनतो. लोक या दोघांची खिचडी करतात.

कुंडीत केना हे तण उगवलं तर उपटा. ब्राझीलमध्ये याच केन्यात लेप्रोसिसचा विषाणू सापडलेला आहे.

परदेशातून डोळे भरायला (कलम करायला) काडी आणणं, याला मी चूक म्हणत नाही, आगाऊपणा म्हणतो. आमच्या गच्चीवाल्यांपैकी एकाचा भाचा ब्राझीलहून सहार विमानतळावर उतरणार होता आणि मामांनी त्याच्याकडे संत्र्याच्या दोन काड्या मागवल्या होत्या, ‘मोज्यात गुंडाळून आण’ म्हणून. आयात होणाऱ्या रोपांसाठी 2003 चा वनस्पती संगरोध (क्वारंटाइन) आदेश आहे, परवाना आणि तपासणी लागते. पण मामांना कायद्याने फरक पडेना. शेवटी मी विचारलं, मोज्यातून उतरलेला कोळी तुमच्याच मोसंबीवर चढला तर? तेव्हा कुठे त्यांनी भाच्याला फोन लावला.

गंधक आणि तेल (कडुनिंबाचं धरून) एकत्र मारू नका, मध्ये तीन आठवडे जाऊ द्या. आणि मे महिन्यात दुपारी गंधक तर मुळीच नाही, पानं भाजतात. मी पहिल्या वर्षी भाजली आहेत, रंगपूर लिंबाची, सगळीच्या सगळी.