स्वतःची मजुरी शून्य धरू नका : छोटा व्यवसाय चालवणाऱ्या स्त्रियांनी टाळाव्यात अशा चुका

छोट्या व्यावसायिकांचे हिशेब लिहून देण्याचे माझे काम असल्यामुळे पुण्यातल्या कोथरूड, कर्वेनगर, धायरी, सिंहगड रस्ता या भागांतल्या पुष्कळ स्त्रियांच्या वह्या माझ्या टेबलावर येतात. कुणी ब्लाउज शिवते, कुणी फराळाच्या ऑर्डरी घेते, कुणी पाळणाघर चालवते, तर कुणी रविवार पेठेतून मणी आणून दागिने ओवते. कामाच्या बाबतीत यांना नावे ठेवायला जागा नसते. वह्यांमध्ये मात्र अस्तराचे बिल, दूधवाल्याचे पैसे, मुलाच्या क्लासची फी आणि ‘वहिनी, ३ ब्लाउज, नंतर’ अशी नोंद एकाच पानावर सुखाने नांदत असते. वर्षअखेरीला नफा किती झाला असे विचारले की ‘घर चाललं की’ हे उत्तर ठरलेले असते. घरात कुणी कुणाच्या कष्टांचा हिशेब मांडत नाही आणि तोच रिवाज व्यवसायाला लागू होतो. पुढे सांगितलेल्या बहुतेक चुका तिथूनच निघतात.

घरीच तर करते, म्हणून किंमत कमी

दिवाळीतल्या चकलीचे उदाहरण घेऊ. समजा, एक किलो भाजणीच्या चकलीला साहित्य १५० रुपयांचे लागले, गॅस ३० रुपयांचा आणि डबा व लेबल २५ रुपयांचे. खर्च २०५ रुपये झाला आणि चकली ३६० रुपयांना विकली, म्हणजे १५५ रुपये सुटले, असा हिशेब मांडला जातो. आता बाजारहाट, भाजणे, गिरणीत जाणे, उकड काढणे, सोऱ्यातून पाडणे, तळणे, भरणे आणि शेवटी तेलकट भांडी घासणे हा सगळा वेळ किलोमागे दीड तास धरा. त्याच कामाला मदतनीस मावशींना आपण तासाला ८० रुपये देत असू, तर १२० रुपये मजुरीचे झाले. उरले ३५. त्यातच मोडलेल्या चकल्या आल्या आणि कोथरूडहून हडपसरला ‘फ्री डिलिव्हरी’ कबूल केलेली असेल, तर रिक्षावाल्याला किंवा कुरिअरवाल्याला द्यायचे पैसे त्या ३५ रुपयांत बसत नाहीत. म्हणजे ऑर्डर जितकी मोठी, तितके अधिक कष्ट फुकट.

याच्या जोडीला एक गोंधळ हमखास आढळतो. एकल मालकीच्या, म्हणजे एकाच व्यक्तीच्या नावावरच्या, व्यवसायात मालकिणीचा स्वतःचा पगार प्राप्तिकराच्या हिशेबात खर्च म्हणून दाखवता येत नाही, हे कुणीतरी सांगितलेले असते आणि म्हणून तो विक्रीच्या किमतीतही धरायचा नसतो, अशी समजूत होते. कराचा हिशेब वेगळा आणि किंमत ठरवण्याचा हिशेब वेगळा. उद्या आजारपण आले किंवा मुलीच्या परीक्षेसाठी महिनाभर थांबावे लागले, तर बदली माणूस ज्या मजुरीवर मिळेल, ती मजुरी आजच्या किमतीत असलीच पाहिजे.

ही चूक आधीच झालेली असेल, तर एक आठवडाभर भिंतीवरच्या कॅलेंडरवर काम सुरू केल्याची आणि संपवल्याची वेळ लिहा. मध्ये कुकर लावायला उठलात, तर तेवढा वेळ वजा करा. आठवड्याअखेरीला जो आकडा दिसतो, तो पाहून नवे दरपत्रक करण्याचे धैर्य आपोआप येते. दर वाढवायचे ते नवरात्राच्या आधी, ऑर्डरी घेणे सुरू होण्यापूर्वी जाहीर करावेत. एकदा ऑर्डर घेतल्यावर तेल महागल्याचे कारण सांगणे बरे दिसत नाही. किंमत तीच ठेवून पाकिटातला माल कमी करण्याची पळवाट मला पटत नाही. पुण्यातले गिऱ्हाईक पाकीट हातात घेऊन तोलते आणि बोलूनही दाखवते.

गल्ला आणि घरखर्च यांची सरमिसळ

विक्रीचे पैसे ज्या खात्यात येतात, त्याच खात्यातून वीजबिल आणि किराणा जात असेल, तर व्यवसाय तोट्यात चालला आहे हे कळायलाच सहा महिने लागतात. व्यवसायाच्या नावाने चालू खाते उघडण्यासाठी बँक साधारणतः दोन पुरावे मागते. उद्यम नोंदणीचे (म्हणजे लहान उद्योगांसाठीच्या केंद्र सरकारच्या नोंदणीचे) प्रमाणपत्र आणि शॉप ॲक्टची, म्हणजे दुकाने व आस्थापना कायद्याखालची, नोंद ही त्यासाठी सर्वांत सोयीची कागदपत्रे आहेत. खाते उघडल्यावर दुकानातला क्यूआर कोड त्या खात्याचा लावा आणि महिन्याच्या एका ठरलेल्या तारखेला, ठरलेलीच रक्कम ‘उचल’ म्हणून घरच्या खात्यात वळती करा. मधल्या काळात गल्ल्यातून शंभर रुपये भाजीला घेतले, तर तेही उचलीतच लिहा. मागच्या वर्षाचा गुंता सोडवत बसण्यात फारसा अर्थ नाही. येत्या महिन्याच्या एक तारखेला हातातली रोकड, शिल्लक माल, येणे आणि देणे असे चार आकडे लिहून नवी वही सुरू केली, तरी पुरते.

धंदा तिचा, कागद दुसऱ्याचे

ही चूक सर्वांत महागात पडते आणि कुणाच्याही वाईट हेतूशिवाय घडते. पती किंवा सासरे सरकारी कामे पाहतात, त्यांचे पॅन कार्ड हाताशी असते, म्हणून नोंदणी त्यांच्या नावावर केली जाते. पाच वर्षांनी मोठ्या शिलाई यंत्रासाठी कर्ज हवे असते, तेव्हा लक्षात येते की बँकेच्या लेखी ही स्त्री केवळ गृहिणी आहे. विवरणपत्रे, उलाढाल आणि पत या साऱ्या गोष्टी दुसऱ्याच्या नावावर जमा झालेल्या असतात. केंद्र सरकारच्या उपक्रमांनी करायच्या वार्षिक खरेदीपैकी ३ टक्के खरेदी स्त्रियांच्या मालकीच्या सूक्ष्म व लघु उद्योगांकडून व्हावी, अशी तरतूद २०१८ पासून आहे. त्याचा लाभही कागदावरच्या मालकालाच मिळतो, प्रत्यक्षात यंत्रावर बसणाऱ्या स्त्रीला नाही.

एकल मालकी ही मालकाच्या पॅनशी बांधलेली असते. त्यामुळे जुन्याच नोंदणीत नाव बदलून घेऊ म्हटले, तर तसे होत नाही. स्वतःच्या पॅन आणि आधारवर नवी उद्यम नोंदणी करावी, जीएसटी असल्यास तोही नव्याने घ्यावा आणि जुना व्यवसाय रीतसर बंद करावा. शिल्लक माल व यंत्रे नव्या नावावर कशी आणायची, ते कर सल्लागाराला आधी विचारावे. उद्यम नोंदणी १ जुलै २०२० पासून सुरू आहे आणि सरकारी पोर्टलवर ती पूर्णपणे विनामूल्य आहे. हे ठळकपणे सांगायचे कारण असे, की त्या पोर्टलसारखीच दिसणारी खासगी संकेतस्थळे शुल्क घेतात आणि माझ्याकडे येणाऱ्या एका ताईंनी अशाच एका ठिकाणी हजारो रुपये भरले होते. प्रमाणपत्र मिळाले ते खरेच होते, पण जे फुकट मिळते त्यासाठी पैसे मोजले होते.

कर्जाचे म्हणाल, तर भिशीवर सगळी मदार ठेवू नये. भिशी वेळेला उपयोगी पडते, पण वर्षानुवर्षे वेळेवर हप्ते भरले तरी बँकेच्या नोंदीत त्याची पत कुठेही दिसत नाही. छोट्या व्यवसायांना कर्ज मिळवून देणारी केंद्र सरकारची मुद्रा योजना एप्रिल २०१५ मध्ये सुरू झाली. तिच्यात तारण न घेता शिशु गटात ५० हजारांपर्यंत, किशोर गटात ५ लाखांपर्यंत आणि तरुण गटात १० लाखांपर्यंत कर्ज मिळू शकते. पहिले कर्ज लहान घ्यावे आणि वेळेवर फेडावे, हे बँकेत ओळख होण्याचे सर्वांत साधे साधन आहे.

जीएसटीबद्दल एवढेच सांगते. महाराष्ट्रात मालाच्या विक्रीसाठी वार्षिक ४० लाख आणि सेवांसाठी २० लाख रुपयांच्या उलाढालीपर्यंत सर्वसाधारणपणे नोंदणी लागत नाही, हे बहुतेकींना ठाऊक असते. पण मसाल्याची दहा पाकिटे बंगळूरुला पाठवली, तर ती आंतरराज्य विक्री होते आणि काही मोजके अपवाद वगळता तिथे ही मर्यादा कामाला येत नाही. मैत्रिणीच्या आग्रहाखातर परराज्यात माल पाठवण्यापूर्वी ही गोष्ट तपासून घ्या.

‘अगं, आपल्यातच काय हिशेब?’

हे वाक्य आत्याबाई, शेजारच्या काकू आणि शाळेच्या ग्रुपमधल्या मैत्रिणी अशा सगळ्यांच्या तोंडी असते आणि त्याला उत्तर देणे खरोखरच अवघड असते, कारण नाही म्हटले तर पैशांपेक्षा नाते दुखावते. यावर मला सापडलेला उपाय असा. छापील दरपत्रक ठेवावे. कुणाला सूट द्यायचीच असेल, तर बिलावर पूर्ण किंमत लिहावी, खाली सवलत लिहावी आणि मग उरलेली रक्कम मागावी. फुकट दिलेली वस्तूही पूर्ण किमतीने ‘भेट’ या सदरात वहीत मांडावी. घेणाऱ्याला आपण काय घेतले ते कळते आणि वर्षाच्या शेवटी भेटींचा आकडा आपल्यालाही कळतो. एका ब्लाउजवालीच्या वहीत हा आकडा तिच्या जागेच्या दोन महिन्यांच्या भाड्याइतका निघाला होता. मापाचे काम असेल, तर निम्मे पैसे आगाऊ घेतल्याशिवाय कापडाला कात्री लावू नये. एकदा कापलेले कापड दुसऱ्या कुणालाही विकता येत नाही, एवढे कारण सांगितले की सुज्ञ माणूस वाद घालत नाही.

नात्यातल्या उधारीपेक्षा कंपन्यांची उधारी निराळी असते. हिंजवडी किंवा खराडीच्या एखाद्या कार्यालयाला दिवाळीचे तीनशे डबे पुरवले आणि पैसे होळीपर्यंत आले नाहीत, असे घडते. अशा वेळी विनवण्या करत बसण्याची गरज नाही. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार लेखी करार नसेल तर १५ दिवसांत आणि असेल तरी फार तर ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. त्यापुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागते. शिवाय २०२३ च्या वित्त कायद्याने आलेल्या तरतुदीमुळे मुदतीत पैसे न देणाऱ्या खरेदीदाराला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत प्राप्तिकरात वजा करता येत नाही. कंपनीच्या लेखा विभागाला ही आठवण सौम्य शब्दांत, ईमेलने करून द्या. पुष्कळदा तेवढ्याने काम होते. न झाल्यास राज्याच्या सूक्ष्म व लघु उद्योग सुविधा परिषदेकडे ऑनलाइन तक्रार करता येते. मात्र माल देण्यापूर्वीच उद्यम नोंदणी झालेली असावी, बिलावर तो क्रमांक छापावा आणि माल पोचल्याची सही घ्यावी. आणखी एक मर्यादा ध्यानात ठेवावी, ती अशी की हे संरक्षण माल बनवणाऱ्यांना व सेवा देणाऱ्यांना आहे. लक्ष्मी रस्त्यावरून साड्या आणून केवळ त्या विकणाऱ्या व्यापाऱ्यांना ते मिळत नाही.

चोवीस तास उघडे दार

घरगुती व्यवसायाला शटर नसते, म्हणून रात्री साडेअकराला ‘ताई, उद्या सकाळी दोन किलो मिळेल का?’ असा संदेश येतो आणि दुपारी झोपेच्या वेळी बेल वाजते. व्यवसायासाठी वेगळे सिम कार्ड घ्या आणि व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये कामाची वेळ लिहून ठेवा. वेळेबाहेर आलेल्या संदेशाला आपोआप उत्तर जाण्याची सोयही त्यात आहे, ती सुरू करा. या नंबरवर स्वतःचा किंवा मुलांचा फोटो न लावता व्यवसायाचे बोधचिन्ह लावावे. गूगल मॅपवर नोंद करताना घराचा पत्ता लपवून फक्त सेवेचा परिसर दाखवण्याची सोय आहे, ती वापरावी. माल घेऊन जाण्याची वेळ संध्याकाळी पाच ते सात अशी ठरवून दिली आणि शक्य असेल तर डबे सोसायटीच्या फाटकापाशी दिले, की अनोळखी माणूस घरापर्यंत येत नाही आणि लिफ्टमधल्या वर्दळीवरून होणारी कुरबुरही टळते. सोसायटीला मात्र आधीच लेखी कळवून परवानगी घ्यावी. तळणाचा वास लपत नसतो.

पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट हा पैसे आल्याचा पुरावा नव्हे. माल हातात देण्यापूर्वी स्वतःच्या खात्यात रक्कम दिसली पाहिजे आणि पैसे ‘घेण्यासाठी’ यूपीआयचा पिन कधीच टाकावा लागत नाही. फसवणूक झालीच, तर लाजून गप्प न बसता ताबडतोब सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या सरकारी मदत क्रमांकावर कळवा. अशा वेळी मिनिटांना किंमत असते.

खाद्यपदार्थ करणाऱ्यांनी घरगुती १४.२ किलोच्या सिलिंडरवर ऑर्डरी तळू नयेत. व्यवसायासाठी १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडर असतो आणि घरगुती गॅसचा धंद्यासाठी वापर नियमबाह्य आहे. अन्न सुरक्षा नोंदणीचा चौदा अंकी क्रमांक, घटक, निव्वळ वजन, तारीख आणि शाकाहारी असल्याचे हिरवे चिन्ह पाकिटावर असावे. दुकानदार माल ठेवून घेण्यापूर्वी हेच पाहतो.

प्रदर्शनाचा मोह

डिसेंबर जवळ आला की स्टॉलसाठी फोन सुरू होतात आणि पुण्याच्या भीमथडी जत्रेसारख्या प्रदर्शनातली गर्दी पाहून आलेल्या प्रत्येकीला वाटते, की आपणही एक टेबल मांडावे. हरकत काहीच नाही, पण आधी एक भागाकार करावा. स्टॉलचे तीन दिवसांचे भाडे ९ हजार असेल आणि विक्रीतून सारा खर्च व स्वतःची मजुरी वजा जाता शंभराला तीस रुपये सुटत असतील, तर ३० हजारांची विक्री होईपर्यंत आपण फक्त भाडे फेडत असतो. टेम्पो, मदतनीस आणि तीन दिवस बंद राहिलेले घरचे काम यांचा खर्च त्यावर वेगळा चढतो. एवढी विक्री आपल्या मालात होण्यासारखी नसेल, तर पहिल्या वर्षी मैत्रिणीबरोबर अर्धे टेबल घ्यावे, प्रत्येक गिऱ्हाइकाचा नंबर विचारून वहीत लिहावा आणि पुढच्या सहा महिन्यांत त्यांतल्या किती जणांनी पुन्हा ऑर्डर दिली ते मोजून मगच पुढच्या वर्षीच्या स्टॉलचे आगाऊ पैसे भरावेत.