गळाने धरलेला मासा किलोला कितीला पडतो, हिशोब असा मांडा

शिकार करून घरचं मटण खायची हौस असेल तर ती आधी डोक्यातून काढा भो, 1972 च्या वन्यजीव कायद्यात ससा, तितर सगळं येतं, आणि सातपुड्याच्या पायथ्याला कोणी कितीही सांगो की इथं चालतं, धरले गेलात तर वकिलाची फीसुद्धा मटणाच्या भावात धरावी लागेल. राहिला मासा. तिथेही आधी विचारून घ्या, धरणातल्या मासेमारीचा ठेका बहुतेक ठिकाणी मच्छीमार सोसायटीकडे असतो, बीज त्यांनी सोडलेलं असतं, न विचारता गळ टाकला की ती चोरीच.

आता हिशोब. लोक रॉड-रीळच्या किमतीवर अडून बसतात, पण ती वस्तू दोन-तीन वर्षं चालते, फेरीला तीस-चाळीस रुपये पडतात. खरा पैसा जातो पेट्रोल आणि नाश्त्यात. समजा भुसावळहून तापीवरच्या हतनूर धरणाकडे गेलात, जाऊन-येऊन चाळीस-पन्नास किमी, लिटरभर पेट्रोल म्हणजे शंभरच्या वर, वर चहा-पोहे, चारा, तुटलेले गळ, फेरी दोनशे वीसच्या खाली येत नाही.

आणि कोरी फेरी धराच, इथंच सगळे गंडतात. दहा फेऱ्यांचे बावीसशे झाले, त्यातल्या निम्म्यांना काही लागलंच नाही, बाकीच्यात मिळून चार किलो रोहू-चिलापी आली. पण चार किलो हे आख्खं वजन झालं. खवले, कल्ले, डोकं, आतडी गेली की हातात अडीच किलोच्या आसपास उरतं, म्हणजे किलोला पावणेनऊशे. बाजारचा रोहू समजा 220 ला मिळतो, तोही आख्ख्याच वजनाचा भाव असतो, साफ केल्यावर साडेतीनशेपर्यंत जातो. तुलना करायची तर साफ केलेल्या वजनावरच करा, नाहीतर उगाच स्वतःची फसवणूक. (तुमच्या तासांची मजुरी मी धरलेली नाही, ती धरायची तर बायकोसमोर हिशोब मांडू नका.)

साफ करताना एक गोष्ट नीट बघा. पोट चिरताना सुरीचं टोक वर ठेवून उथळ कापा, आत कलेजीजवळ हिरवट पित्ताची पिशवी असते, ती फुटली तर आसपासचं मांस कडू होतं, तेवढं लगेच कापून टाका आणि धुवा. आणि हे पित्त औषध म्हणून कच्चं गिळायचं कोणी सांगितलं तर अजिबात ऐकू नका, रोहू-कटल्याच्या पित्ताने किडनी निकामी झाल्याच्या केसेस आहेत, तो खर्च कुठल्याच हिशोबात बसणार नाही. चिखलाचा वास येत असेल तर मीठ-हळद आणि चिंचेचं पाणी लावून थोडा वेळ ठेवा, मग काळा मसाला.

भाव खाली आणायचा तर गाडीवर दोघं जा, बांबूची काठी वापरा, चाऱ्याला गांडूळ नाहीतर कणकेचा गोळा पुरतो, आणि शक्यतो गावाजवळच्या तळ्यावरच बसा. जुलै-ऑगस्ट सोडून द्या, तेव्हा मासे अंड्यावर असतात आणि हतनूरचे 41 दरवाजे कधी किती उघडतील त्यावर खालच्या तापीचं पाणी ठरतं, पात्रात उतरायचं नावच काढू नका.