बॅटरीच्या गाडीसाठी मासळी योजनेत अर्ज करताय? या चुका टाळा

उजनी धरणाकाठच्या मासळीवाल्यांचे प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेच्या अनुदानाचे अर्ज मी पुण्यात बसून भरून देतो. दरवर्षी खड्डे तेच, पडणारे तेवढे नवे.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे आधी खरेदी, मग मंजुरी. भिगवणच्या एक मावशी चिलापी विकतात. डिझेलच्या टमटमचं भाडं सुटावं म्हणून त्यांना बॅटरीची तीनचाकी हवी होती. विक्रेता म्हणाला, "गाडी न्या, अनुदान मागनं येतंच." मुलाला धीर नव्हता. गाडी दारात आली, हार पडला, नारळ फुटला. बिल मार्चचं, मंजुरी जूनची. फाइल परत आली आणि हप्ते तेवढे सुरू राहिले.

त्यात अर्ज नवऱ्याच्या नावावर. या योजनेत बर्फपेटीच्या तीनचाकीला, त्यात ई-रिक्षाही आली, ३ लाख खर्च धरलाय. सर्वसाधारण गटाला त्याचे ४० टक्के मिळतात, म्हणजे १ लाख २० हजार. महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के, म्हणजे १ लाख ८० हजार. बिलाची तारीख बरोबर असती तरी त्या घराचे ६० हजार गेलेच असते. पहाटे लिलावात मावशी उभ्या, बर्फ फोडणार मावशी, उधारी वसूल करणार मावशी, आणि कागदावर नाव त्यांच्या मालकांचं! घरात विचारलं तर उत्तर आलं, "तिला काय कळतंय त्यातलं?" मला याचा संताप येतो. धूर कमी करायला सरकार पैसे देतं, ते राबणाऱ्या हातात पडायला नकोत?

आता मी घरातल्या बाईशी स्वतः बोलल्याशिवाय अर्जाला हात लावत नाही. विक्रेत्याकडून फक्त कोटेशन घेतो आणि मंजुरीची तारीख फाइलच्या पुठ्ठ्यावर लाल पेनाने लिहितो. त्याआधीचं बिल दिसलं की तिथेच थांबतो.

दुसरी चूक, समुद्रावरच्या मच्छीमारांची नक्कल. तिथे ट्रॉलर डिझेल पितो, आणि एक लिटर डिझेल जळलं की अडीच किलोहून जास्त कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. तिथे इंजिनाकडे आधी बघणं बरोबरच. वल्ह्यावर होडी चालवणाऱ्याचा धूर मात्र बर्फात आणि टेम्पोत असतो. सौर पॅनेल नंतर बघा, आधी पेटीचं झाकण बघा. मी रात्री पेटीत बर्फ भरून ठेवायला सांगतो. सकाळी नुसतं पाणी निघालं तर पेटी बदला. नाहीतर रोज दुप्पट बर्फ विकत घ्याल, आणि तो बर्फ बनवायला वीज लागतेच.

भिगवण ते पुण्याचा गणेश पेठेतला मासळी बाजार साधारण शंभर किलोमीटर आहे. बॅटरीची रिक्षा त्यासाठी नाही, ती गावच्या बाजाराला. पुण्याच्या मालासाठी मच्छीमार सोसायटीतर्फे एकच इन्सुलेटेड, म्हणजे गारवा टिकवणारी, गाडी मागा.

आधार आणि पासबुकावरचं नाव अक्षरन् अक्षर जुळवा.

एजंटाला टक्केवारी देऊ नका. अर्ज घरचं कुणीही शिकलेलं पोर भरू शकतं, फक्त दोन दिवस शांत बसायला हवं.