वावरातला शरद: लहान लेकरांसोबत करायचे उद्योग

शरद म्हटला की पुस्तकातल्या चित्रांत लाल-पिवळ्या पानांचे ढीग दिसतात. आपल्याकडे ते शोधायला जाऊ नका. विदर्भातला साग आणि पळस झडतो उन्हाळ्याच्या तोंडाशी. अश्विन-कार्तिकात इथे असतं ते भरलेलं वावर: सोयाबीनची सोंगणी (कापणी), फुटलेली पऱ्हाटी (कापसाची झाडं), कणसाला आलेली ज्वारी. तेव्हा खेळही त्यातूनच काढावे. खाली दिलेले उद्योग चार ते आठ वर्षांच्या लेकरांना जमतील असे आहेत, मोठं माणूस जवळ बसलेलं हवं.

वेळ आधी ठरवा. ऑक्टोबरचं ऊन दुपारी अंगाची लाही करतं, म्हणून सकाळी नऊच्या आत नाहीतर साडेचारनंतर.

धांड्याची बैलगाडी

हा सगळ्यात चांगला उद्योग, म्हणून यालाच जास्त वेळ द्या. ज्वारीचा पेरा सोयाबीनने खाल्ला, त्यामुळे धांडे, म्हणजे ज्वारीची वाळलेली ताटं, आता दारोदारी मिळत नाहीत. ज्याच्याकडे अजून बैलजोडी आहे त्याच्याकडे कडबा असतोच. पाच-सहा धांडे मागितले तर कोणी नाही म्हणत नाही.

लागतं काय: अंगठ्याएवढे जाड, कडक वाळलेले धांडे, फाटकी रबरी चप्पल, बाभळीचे लांब काटे आणि थोडी सुतळी.

१. धांडे पेरापेरावर कापून कांड्या वेगळ्या करा. किडीने पोखरलेली कांडी फेकून द्या, ती काटा टोचताच फुटते.

२. साल मोठ्यांनीच काढायची. धांड्याची साल ब्लेडसारखी कापते आणि बोटाला लागलं की पोरगं पुन्हा धांड्याला हात लावत नाही. सालीच्या चिपा मात्र फेकू नका. दोन बोटं लांबीचे तुकडे करून एक टोक तिरपं कापा, त्याच झाल्या आपल्या खुट्या.

३. आतला पांढरा, हलका गर आता लेकरांच्या हाती द्या. वीतभर लांबीचे दोन तुकडे चार बोटांच्या अंतराने आडवे ठेवायचे, त्यांवर तीन आखूड तुकडे टाकायचे आणि जिथे दोन तुकडे भेटतात तिथे वरून खुटी दाबायची. गर मऊ असतो, खुटी सहज जाते. लहान हातांना नेमकं हेच काम आवडतं, तेव्हा खुटी वाकडी गेली तरी मध्ये पडू नका. कोपरे सुतळीने बांधले की साटा, म्हणजे गाडीचा माल ठेवायचा भाग, तयार.

४. आखासाठी साल न काढलेली बारीक कांडी घ्या. ती साट्यापेक्षा दोन बोटं लांब असावी. साट्याखाली आडवी बांधा.

५. चपलेच्या तळातून दोन गोल चकत्या कापा. मधोमध भोक काट्यापेक्षा किंचित मोठं पाडा, नाहीतर चाक फिरणार नाही. काटा चकतीतून घालून आखाच्या टोकाच्या गरात खुपसा. काट्याच्या बुडाशी थोडी साल राहू दिली तर चाक निसटत नाही.

६. पुढे दोन लांब धांड्यांची दांडी, टोकाला आडवं जू. बैल करत बसू नका. तान्ह्या पोळ्याचा, म्हणजे लेकरांच्या पोळ्याचा, लाकडी नंदी घरात कुठेतरी पडलेला असेल, तो जुंपा.

गाडीत काय भरायचं हे लेकरांना सांगावं लागत नाही. आधी माती जाते, मग कुटार (मळणीतला भुसा), मग बहुतेक घरातली तूरडाळ.

बोंडातून वात

आधी एक गोष्ट. फवारणी झालेल्या पऱ्हाटीत लेकरांना न्यायचं नाही, मालक कितीही "काही होत नाही" म्हणो. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना कितीतरी शेतकरी-मजुरांना विषबाधा झाली, त्यात जीवही गेले. आपल्या वावरात शेवटची फवारणी कधी झाली हे माहीत नसेल, तर घरी आणलेला वेचलेला कापूसच वापरा आणि काम झाल्यावर हात साबणाने धुवा.

वेचायला जायचं तर दव उडाल्यावर, कारण ओला कापूस पिवळा पडतो. बोंडाच्या वाळलेल्या टोकांनी बोटं ओरबाडतात, ते आधी दाखवून द्या. एकेका पाकळीतली सरकी हाताने काढायची. सरकीला कापूस किती घट्ट धरून असतो हे लेकराला तेव्हा कळतं, आणि जिनिंगमध्ये काय चालतं ते समजावून सांगायची गरज उरत नाही. सरक्या मोजायला लावा, मोजणीचा अभ्यासही होतो. सरकी तोंडात मात्र जाऊ देऊ नका.

कापूस बोटांनी मोकळा करून लांब पेळू ओढा. बोटांना चिमूटभर राख लावली की पकड येते. तळहातावर पेळू ठेवून दुसऱ्या हाताने एकाच दिशेने वळायचा. पुढे-मागे वळला की पीळ सुटतो. लेकरं हमखास तसंच करतात. फुलवात त्याहून सोपी: छोटा पुंजका गोल करून वरचं टोक पिळायचं. दिवाळीच्या पणत्यांना लेकरांच्याच वाती लावा. काही भुरभुर जळतील, काही विझतील.

आपटा ओळखा

दसऱ्याच्या आधी बांधाबांधाने फिरून आपटा शोधा. पान दोन भागांत दुभंगलेलं, उंटाच्या खुरासारखं, जाडसर. कांचनाचं पानही तसंच, पण बहुधा मोठं. दोन्ही मिळाली तर शेजारी ठेवून लेकरांनाच फरक सांगू द्या. पानावर कागद ठेवून खडू आडवा घासला की शिरा उमटतात. प्रत्येकी दोन पानं पुरेत, फांद्या तोडायच्या नाहीत. वाटेत सागाचं कोवळं पान सापडलं तर हातावर चोळून पाहा, तळवा लाल होतो.

सोयाबीनच्या सुडीजवळ, म्हणजे कापून रचलेल्या ढिगाजवळ, मात्र खेळू देऊ नका. उंदरांमागे तिथे साप येतात. सोंगलेल्या वावरातली धसकटं चपलेतून पाय फोडतात, म्हणून बूट घाला.

भुलाबाईची खिरापत

भुलाबाई, म्हणजे पोरी गाणी म्हणून जिची पूजा करतात ती मातीची मूर्ती, भाद्रपद पौर्णिमेला बसते आणि कोजागिरीपर्यंत गाणी चालतात. बऱ्याच घरी कोजागिरीला ज्वारीच्या ताटांचा मखर करून तिला त्याखाली बसवतात. तो बांधायला लेकरांना घ्या, धांडे उभे धरण्याचं काम त्यांचं. मुलांनाही घ्या, हा काही फक्त पोरींचा खेळ नाही.

गाणी आजीकडून शिकावी, प्रत्येक गावाची चाल वेगळी. नंतर खिरापत ओळखायची. डबा झाकून आणा, हलवून आवाज ऐकवा. पहिला प्रश्न "गोड की तिखट?", दुसरा "भाजलं की तळलं?". तीन चुका झाल्या की एकदा झाकण किलकिलं करून वास घेऊ द्या. खिरापत काय करायची हे लेकरांना आदल्या दिवशी विचारू नका, पोटात राहत नाही त्यांच्या.